आधी नावडतात ती मुले

आपल्या घरांत ‘नॉवेल’ हा शब्द अजूनही तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो. “टीचर, दिवसभर नॉवेल वाचत बसते,” असे एखाद्या अम्मीने सांगितले की पुढचे ठरलेलेच असते. अभ्यास नाही, कामाला हात नाही, लक्ष कुठे असते अल्लाह जाणे. गंमत अशी की उर्दूतली कादंबरी जन्माला आली तीच मुळी घरातल्या मुलींसाठी. डेप्युटी नझीर अहमद यांना आपल्या मुलींच्या हाती द्यावे असे पुस्तक सापडेना, म्हणून त्यांनी स्वतःच ‘मिरातुल उरूस’ लिहिली. १८६९ साली ती छापली गेली आणि तिला सरकारी बक्षीसही मिळाले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती कथा. असगरी शहाणी, हिशेबी, सासरचे घर सावरणारी. अकबरी आळशी, फटकळ, वेगळी चूल मांडायचा हट्ट धरणारी आणि एका ठक बाईच्या गोड बोलण्याला भुलून दागिने गमावून बसणारी.

नझीर अहमद यांना मुलींनी असगरीसारखे व्हावे असे वाटत होते, हे पानापानावर दिसते. पण पुस्तक मिटल्यावर लक्षात राहते ती अकबरी. तिचा राग येतो, मग तिची कीव येते आणि मग वाटते की हिला कोणी नीट जवळ घेऊन बसले असते तर? हे ‘तर’ मनात येणे हाच कादंबरी वाचण्याचा फायदा आहे असे मला वाटते. आदर्श पात्राकडून आपण धडा घेतो. नावडत्या पात्राबरोबर मात्र राहावे लागते, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे लागते.

अशाच सुरुवातीला नावडणाऱ्या पात्रांच्या दोन कादंबऱ्यांविषयी इथे लिहायचे आहे. एक मराठी, एक उर्दू. दोन्ही २००४ साली प्रसिद्ध झाल्या, दोन्हींत कोवळ्या वयाची माणसे आहेत, दोन्हींत मन गुंतणे आहे आणि दोन्ही वाचून मुली रडतात. मराठीतली मिलिंद बोकील यांची ‘शाळा’, मौज प्रकाशनाने काढलेली. उर्दूतली उमेरा अहमद या पाकिस्तानी लेखिकेची ‘पीर-ए-कामिल’. महाड-पोलादपूर पट्ट्यात पहिली कपाटातून हाती येते आणि दुसरी मोबाईलमधून. आपल्याकडे एकाच घरात एक बहीण उर्दू शाळेत आणि दुसरी मराठी शाळेत असते, त्यामुळे बहिणी-बहिणींत दोन्ही गोष्टींची चर्चा होते. मोठ्यांना तिचा पत्ता नसतो. त्यांना फक्त मुलगी हळवी झालेली दिसते.

आधी ‘शाळा’. आणीबाणीचा काळ, मुंबईपासून फार लांब नसलेले एक छोटे शहर, तिथली नववीची वर्गखोली. गोष्ट सांगतो तो मुकुंद जोशी. त्याचे दोस्त सुऱ्या, चित्रे आणि फावड्या. एका अर्धवट राहिलेल्या इमारतीत हे चौघे अड्डा जमवतात आणि तिथे जे बोलतात ते कुठल्याही शिक्षकाच्या कानाला गोड लागणारे नाही. कोणाची ‘लाईन’ कोणावर, कोणती मुलगी कोणाकडे बघून हसली, कोणत्या सरांना काय म्हणायचे. मुलींना नावे ठेवलेली, शिक्षकांना नावे ठेवलेली. मुकुंद स्वतःला भलताच हुशार समजतो. वर्गातली शिरोडकर त्याला आवडते, पण तिच्याशी सरळ बोलायची हिंमत नाही, म्हणून तिच्या मागेमागे राहायचे, तिच्या वाटेवर उभे राहायचे, ती शिकवणीला कधी जाते ते हेरायचे.

पहिली चाळीस-पन्नास पाने वाचताना शिक्षकाच्या मनात एकच येते: हीच ती मुले. शेवटच्या बाकावरची. एसटी स्टँडवर पोलादपूरची गाडी लागली की मुलींचा घोळका चढेपर्यंत खांबाला टेकून उभी राहणारी. दप्तर एका खांद्यावर, केसांवरून हात, उगाच मोठ्याने हसणे. आईच्या नात्याने वाचले तर राग आणखी वाढतो, कारण तिथे आपली मुलगी गाडीत चढत असते. मला माहीत असलेल्या दोन आयांनी ‘शाळा’ इथेच मिटून ठेवली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. मुलांची भाषा खरोखरच ओबडधोबड आहे आणि बोकीलांनी ती मुळीच धुऊन-पुसून घेतलेली नाही.

पण पुढे वाचत गेले की एक बदल होतो, आणि तो कधी झाला ते सांगता येत नाही. मुकुंद तोच राहतो. त्याच्याकडे पाहायची आपली जागा बदलते. त्याचा आगाऊपणा हा भीतीवर घातलेला सदरा आहे हे दिसू लागते. त्याला घराची भीती आहे, सरांची आहे, दोस्तांत हसे होण्याची आहे आणि सगळ्यांत जास्त भीती शिरोडकर काय म्हणेल याची. तिच्याशी दोन साधी वाक्ये बोलायला मिळाली तर त्याचा दिवस उजळतो. एवढ्या मोठ्या कादंबरीत ‘घडते’ म्हणावे असे त्या दोघांत जवळजवळ काहीच नाही. बोलणे, सोबत थोडे चालणे, थोडे बसणे, एवढेच. दुसरीकडे सुऱ्या आपल्याला आवडणाऱ्या मुलीला, जिला ही मुले केवडा म्हणतात, सरळ विचारायला जातो. प्रकरण शाळेपर्यंत पोहोचते आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते. तिथे वाचकाला सुऱ्याचा राग यायला हवा. येतोही. पण त्या रागात काळजी मिसळलेली असते, आणि पन्नास पानांपूर्वी ती नव्हती.

घरात मुकुंदचा नरूमामा आहे. माझ्या मते कादंबरीतले सर्वांत महत्त्वाचे मोठे माणूस तेच. वयाने फार मोठा नाही, थट्टेखोर आहे, पण मुलाने विचारलेल्या प्रश्नाला हसण्यावारी नेत नाही. मुकुंद जे आईला विचारू शकत नाही, वडिलांना तर नाहीच नाही, ते मामाला विचारतो. आपल्या नात्यांत हे माणूस आहे का, ते प्रत्येक घराने मोजून पाहावे. मामू आहेत, चाचा आहेत, खाला आहेत, पण त्यातले निम्मे कुवेत-दुबईला आणि उरलेले फक्त ईदला भेटणारे. दहावीचा निकाल विचारायला सगळ्यांचे फोन येतात. मुलाच्या मनात काय चालले आहे ते विचारायला कोणाचा येतो?

शेवटी वर्ष संपते, शिरोडकर गाव सोडून जाते, दोस्त पांगतात आणि मुकुंदपुढे दहावी उभी राहते. लग्न नाही, पळून जाणे नाही, मरण नाही. तरीही मुली रडतात, आणि मुलेही, जरी ती सांगत नसली. सुजय डहाके यांनी यावर चित्रपट केला, तो २०१२ मध्ये लागला आणि त्याला मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट चांगलाच आहे, पण पडद्यावर मुले पहिल्यापासून गोड दिसतात. पुस्तकात ती आधी नकोशी वाटतात. तो नकोसेपणा सोसून पुढे जाणे मुलांनी अनुभवावे असे वाटत असेल, तर पुस्तकच द्यावे लागेल.

आता कोणी म्हणेल, टीचर, हे सारे आपल्या दीनमध्ये बसते का? निकाहाआधीच्या अशा संबंधांना इस्लाममध्ये वाट नाही, यात वाद नाही, आणि हे मुलांना सांगायला आपण लाजूही नये. पण कसे सांगायचे, याचा एक दाखला आपल्याकडे आहे आणि तो आपण पुरेसा सांगत नाही. मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू उमामा (रजि.) यांच्याकडून हदीस आली आहे. एक तरुण पैगंबरांकडे (स.) आला आणि त्याने सरळ जिनाची परवानगी मागितली. भर मजलिशीत. आजूबाजूच्यांनी त्याला दटावले, गप्प बसवू पाहिले. यापेक्षा नावडता तरुण कोणता असणार? पैगंबरांनी (स.) त्याला जवळ बोलावले, बसवले आणि विचारले की तुझ्या आईसाठी तुला हे आवडेल का, मुलीसाठी, बहिणीसाठी, फूफीसाठी, खालासाठी? प्रत्येक वेळी तो ‘नाही’ म्हणाला, आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर मिळाले की इतर लोकांनाही ते आवडत नाही. मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली: गुनाहांच्या माफीची, दिल पाक होण्याची, त्याच्या पाकदामनीची. तो तरुण पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

या हदीसमध्ये हराम ते हरामच राहिले, रेषा तसूभर हलली नाही. पण तरुणाला मजलिशीतून घालवले गेले नाही. आपण घरात नेमके उलटे करतो. रेषा कुठे आहे, का आहे, हे कधी बोलत नाही आणि ती ओलांडल्याचा नुसता संशय आला की आधी दार बंद करतो.

दार बंद म्हणजे काय, हे पोलादपूरकडच्या गावांत शिकवणाऱ्याला विचारा. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीच्या वहीत चिठ्ठी सापडली. घाटाकडच्या वाडीवरून दीड-पावणेदोन तासांचा प्रवास करून ती शाळेत यायची. थोडे चालणे, मग एसटी. चिठ्ठी तिला कोणीतरी दिलेली होती, तिने लिहिलेली नव्हती. तिने ती उघडली होती एवढाच पुरावा. बाप परदेशी, निर्णय फोनवर झाला आणि सोमवारपासून ती आली नाही. मुलगा येत राहिला. त्याला बाकावर उभे केले गेले, दोन छड्या बसल्या आणि पुढच्या आठवड्यात तो पुन्हा खांबाला टेकून उभा. मुलीसाठी आम्ही तिच्या घरी तीनदा गेलो. दादीने चहा केला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बेटा, तू म्हणतेस ते खरे असेल, पण गाडीतले लोक बोलतात त्याचे काय?” अखेर दादीच मध्ये पडली, पण शाळेत पाठवायला घर तयार झाले नाही. मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली आणि पास झाली. विज्ञानाला जायचे म्हणायची. घरी बसून प्रयोगवही होत नाही.

ही एक चिठ्ठी होती. आता त्या जागी मोबाईलवरचा मेसेज असतो, इन्स्टाग्रामवरची लाईक असते, कधी नुसते नॉवेलचे पुस्तक असते. सूरह हुजुरातच्या दोन लागोपाठच्या आयतींत ज्या गोष्टी मना केल्या आहेत, त्यांत एकमेकांना वाईट नावांनी हाक मारणे आहे, फार गुमान करणे आहे आणि पाळत ठेवणे आहे. ‘शाळा’ वाचताना मला हे पुन्हापुन्हा आठवते. मुले नावे ठेवतात, मोठे गुमान करतात, आणि पाळत तर दोघेही ठेवतात. मुलांना पहिल्यासाठी मार बसतो. दुसऱ्यासाठी मोठ्यांना कोणी विचारत नाही.

उर्दू कादंबरीकडे वळते. ‘पीर-ए-कामिल’चा नायक सालार सिकंदर मुकुंदपेक्षा कितीतरी पटीने नावडता आहे. श्रीमंत बापाचा, बुद्धीने अफाट, आणि त्या बुद्धीचा त्याला कंटाळा आलेला. मरताना काय वाटते ते पाहावे म्हणून स्वतःचा जीव धोक्यात घालणारा. इमामा हाशिम ही डॉक्टरकी शिकणारी मुलगी. अकीद्याच्या प्रश्नावरून तिला घर सोडावे लागते आणि त्या संकटात तिला याच माणसाची मदत मागावी लागते. दोघांचा निकाह होतो, पण तो तिच्या सुटकेचा एक उपाय म्हणून. सालारला तिच्या हतबलतेची मजा वाटते. तो तिच्याशी खोटे बोलतो, तिने तलाक मागितला तर देत नाही. पुढे मारगल्ला टेकड्यांवर त्याला लुटून झाडाला बांधून ठेवतात. त्या रात्री मरण खरेच समोर येते आणि तो मोडून पडतो. तौबा करतो, बदलतो, पुढे हाफिजही होतो. कित्येक वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र येतात.

मुलींना हा सालार भारी आवडतो. का आवडतो ते समजते. इतक्या वाईट माणसाला अल्लाह हिदायत देतो, हे वाचून कोणाचेही मन भरून येईल. सूरह यूसुफमध्येही भावाला विहिरीत टाकणारे भाऊ शेवटी मान खाली घालून उभे राहतात आणि त्यांना माफी मिळते. माणूस पहिल्या पानावर आहे तसाच शेवटच्या पानावर राहील असे आपला दीन मानत नाही. उमेरा अहमद यांची लेखणी इथे ताकदीची आहे, हे कबूल करायला हवे, जरी त्यांची पात्रे अधूनमधून माणसासारखी बोलायची सोडून तकरीर करू लागतात.

पण एक धोका आहे आणि तो मी मुलींशी उघडपणे बोलते. या कादंबरीच्या धर्तीवर मोबाईलवर पुढे जे पीक आले आहे, त्यात नायक हात पिरगाळतो, खोलीत कोंडतो, जबरदस्तीने निकाह करतो, आणि वीस-पंचवीस भागांनंतर कळते की हे सगळे मुहब्बतीपोटी होते. तिथे नायिकेचे काम एकच, सब्र. सोळा वर्षांची मुलगी हे रात्री पांघरुणात मोबाईल धरून वाचते आणि तिच्या मनात हिशेब पक्का होतो: वाईट वागतो म्हणजे आतून चांगला असणार, आणि मी सोसले की तो सुधारणार. हा हिशेब घेऊन ती सासरी गेली तर काय होते, हे आपल्यातल्या बहुतेक बायकांना कुठल्याही नॉवेलशिवाय ठाऊक आहे.

म्हणून मी मुलींना ‘पीर-ए-कामिल’मधलीच एक गोष्ट विचारते. सालार बदलला तेव्हा इमामा कुठे होती? बहुतेक जणी गप्प होतात. कारण ती तिथे नव्हतीच. त्याचा अपमान सोसत, रडत, त्याच्यासाठी वाट बघत ती बसलेली नव्हती. ती निघून गेली होती, आमना नावाने, एका भल्या माणसाच्या घरच्या आसऱ्याने, आपले शिक्षण आणि आपली नोकरी सांभाळून जगत होती. त्याला बदलण्याचे काम तिने केले नाही, तिला ते कोणी दिलेही नव्हते. ते त्याच्या आणि अल्लाहच्या दरम्यान घडले. कादंबरी हे स्पष्ट सांगते, पण वाचणाऱ्या मुली ते पान घाईने उलटतात, कारण त्यांना दोघांची भेट कधी होते ते हवे असते.

आता मुकुंद आणि सालार शेजारी ठेवून पाहा. मुकुंदच्या हातून कोणाचे फार नुकसान होत नाही. तो कच्चा आहे, वाईट नाही, आणि कच्चेपण वयाबरोबर जाईल अशी आशा धरता येते. सालार समजून-उमजून दुसऱ्याला दुखावतो, आणि तिथे वय हा इलाज नाही. तिथे तौबा लागते, आणि कोणाच्याही तौबाची हमी आपल्या मुलीच्या आयुष्यावर घेता येत नाही. दोघेही ‘आधी नावडतात’, पण दोन्ही नावडणे सारखे नाही. हा फरक मुलीला कळला, तर स्टँडवरच्या कोणत्या मुलाकडे नुसते दुर्लक्ष पुरे आणि कोणाबद्दल घरी लगेच सांगायचे, हेही तिला कळते. मात्र सांगायला घर तसे हवे. सांगितल्याची शिक्षा तिचीच शाळा बंद होणे ही असेल, तर ती कधीच सांगणार नाही. ती पांघरुणात मोबाईलच धरील.

काही आया विचारतात, मग कोणते पुस्तक कधी द्यायचे? माझे मत असे. ‘शाळा’ नववीच्या आधी नको, आणि देण्यापूर्वी आईने किंवा मोठ्या बहिणीने वाचावी. भाषेला बिचकू नये, ती भाषा मुलांनी वर्गात ऐकलेलीच असते. मुलग्यांनाही द्यावी, खरे तर आधी मुलग्यांना. आपल्या वागण्याने मुलींना एसटीत चढताना काय वाटते, याचा विचार त्यांनी कधी केलेला नसतो. ‘पीर-ए-कामिल’ बारावीनंतर बरी, आणि उर्दूतूनच वाचावी. रोमन अक्षरांतली उर्दू वाचून ना उर्दू येते ना इंग्रजी. मोबाईलवरच्या भागाभागांच्या कथा मी देत नाही, पण हिसकावूनही घेत नाही. “आज काय झाले त्या कथेत?” असे जेवताना विचारले तर मुली आधी लाजतात, मग सांगू लागतात, आणि सांगता सांगता त्यांनाच हसू येते. कंटाळवाण्या मजकुराचा याहून चांगला इलाज मला सापडलेला नाही.

पुस्तक मिळण्याची अडचण मात्र आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडमध्ये शिरले तेव्हा घराघरांतली पुस्तके चिखल झाली. भांडी धुऊन घेता आली, पुस्तके नाही. नंतर घरे पुन्हा भरली, फ्रीज आले, कपाटे आली, पण पुस्तकांची फळी अनेक ठिकाणी रिकामीच राहिली, कारण मुलांना वाचायला मोबाईल आहे असे सगळ्यांनी धरून चालले. ‘शाळा’ची एक प्रत चार घरांत मिळून घेतली तरी पुरते. आमच्याकडे एक प्रत अशी फिरून फिरून दुमडली आहे की तिचे मुखपृष्ठ आता चिकटपट्टीवरच उभे आहे.

त्याच प्रतीवरून एकदा दहावीच्या मुलींमध्ये वाद पेटला. एकीने विचारले की एवढ्या पानांत मुकुंदला काय वाटते ते सगळे कळते, शिरोडकरला काय वाटते ते कुठे आहे? प्रश्न बिनतोड होता. गोष्ट मुकुंदच्या तोंडून असल्यामुळे ती आपल्याला फक्त त्याच्या डोळ्यांनी दिसते. तिचे हसणे दिसते, पण ती का हसली ते कळत नाही. मी सांगितले, मग लिहा तुम्हीच. आठवडाभराने अकरा मुलींनी दोन-दोन पाने लिहून आणली, काहींनी मराठीत, काहींनी उर्दूत. बहुतेकींची शिरोडकर मुकुंदवर मनातून प्रेम करत होती, जशी अपेक्षा होती. दोघींच्या पानांत तिला तो मुळीच आवडत नव्हता, पण सांगितले तर घरी कळेल आणि शाळा सुटेल म्हणून ती हसून वेळ मारून नेत होती. आणि वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते की शिरोडकरला नवीन गावात पोहोचल्यावर पहिल्या दिवशी मुकुंद आठवलाच नाही. तिने वडिलांना विचारले, इथून शाळा किती लांब आहे, आणि गाडी किती वाजता असते.